विहिरीकडची ओळ

"पण अप्पा, माझं चुकलं कुठं?"

मठाचे स्वामी निजगुणअप्पा पानमळ्याच्या दाराशी दगडावर बसले होते. विचारणारा त्यांचा शिष्य गुरुपाद. मळा त्याच्या हवाली होता. मूळ स्वामींच्या समाधीवर रोज ठेवायचा विडा याच मळ्यातल्या पानांचा.

गुरुपादाच्या हातगुणाची पंचक्रोशीत ख्याती होती. त्यानं वाळकी काडी खोचली तरी फुटते, असं लोक म्हणायचे. तोही मान खाली घालून ऐकायचा, पण दोनदा ऐकल्याशिवाय हलायचा नाही.

आता त्याच मळ्याला मर लागली होती. मर म्हणजे मुळाची बुरशी. ती मातीतून चालते. मूळ काळं पडून कुजतं आणि वर वेल हिरवीगार असतानाच मान टाकते. आधी खालचा वाफा गेला, मग मधला. वेलींच्या नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. बघवत नव्हतं.

"मळ्याची रीत मोडली म्हणावं, तर तेही नाही," गुरुपाद म्हणाला. "पाय धुतल्याशिवाय मी कुणाला आत सोडलं नाही. स्वतः अनवाणीच जातो. सकाळी आधी आजारी वेलींपाशी बसतो, मग बाकीच्यांकडं. सख्खी आईसुद्धा इतकं करायची नाही."

अप्पांनी खांद्यावरची घोंगडी मांडीवर ओढली.

"काहीतरी बोला, अप्पा..."

तो पाया पडायला वाकला. आजवर अप्पांनी कुणापासूनच पाय मागं घेतले नव्हते. गुरुपादाचे हात जवळ येताच त्यांनी ते घोंगडीखाली ओढले.

गुरुपाद वाकलेला तसाच राहिला.

"हाताला माती कुठली?"

"खालच्या वाफ्यातली. मूळ किती कुजलंय, चाचपून बघत होतो."

"मग?"

"मग मधल्या वाफ्यात. तिथं एकेकीच्या बुडाशी हात घालून बघितलं."

"रोज असंच?"

"रोजच. मधला वाफा धड होता तेव्हापासून. जीव थाऱ्यावर नसायचा."

"हात धुऊन?"

"मळ्यात शिरताना धुतो की. आतल्या आत कशाला धुवायचे? मळ्याचीच माती ती, तिचा कसला विटाळ?"

अप्पांनी मळ्याकडं नजर टाकली.

"राहिलं काय?"

"विहिरीकडची ओळ. तेवढीच टवटवीत आहे."

"तिच्याकडं कधी गेला होतास?"

"जाणंच झालं नाही. या दुखणाइतांतून सवड कुठली..."

पुढचं त्याच्या तोंडून आलं नाही. तो नखांतल्या काळ्या मातीकडं बघत राहिला. मग तिथंच बसकण मारून लहान मुलासारखा रडला. अप्पांनी त्याला उगी केलं नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "चुन्याच्या निवळीत हातपाय बुडवून जातो. हात लावत नाही. ती ओळ लांबून बघून येतो..."

अप्पा उठले. त्यांनी मळ्याचं दार लोटलं आणि कडी घातली.

"उद्याचा विडा?"

"नाही."

"आणि वेलींचं पाणी?"

"पाट बाहेरून आहे."

गुरुपादानं दाराला कपाळ टेकलं. त्याला ना बायको, ना पोर. जे काही होतं ते या दाराच्या आत होतं. फटीतून त्याला फक्त मेलेला वाफा दिसत होता. विहिरीची बाजू इथून दिसत नव्हती.

"अप्पा, त्या जगल्या का मेल्या, मला कळायचं कसं?"

"तुला कळलं, की त्या मेल्या."