‘नको’ म्हण, मिताली

“पण बाई, तुम्ही येणार की नाही?”

तेजस खानविलकरने हे विचारलं तेव्हा नेरुरकरबाई पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“येणार कशाला?”

“फीत कापायला. रविवारी नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. तुमच्याशिवाय कोण कापणार?”

“कात्री कोणाच्याही हातात चालते.”

तेजस हसला. बाईंच्या बोलण्याची त्याला सवय होती.

बाईंनी उभा जन्म मानसशास्त्र शिकवण्यात घालवला होता. जी मुलं बोलत नाहीत, चावतात, भिंतीवर डोकं आपटतात, त्यांच्यावर त्या वर्तनोपचार करत. चांगल्या वागण्याला बक्षीस, नको त्या वागण्याकडे दुर्लक्ष, आणि जोडीला चिकाटी. निवृत्त झाल्यावर त्या कुडाळजवळच्या या घरात येऊन एकट्या राहू लागल्या. तेजस त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. आता कोल्हापुरात त्याचं स्वतःचं केंद्र होतं, लांबलांबून आईबाप मुलं घेऊन येत, आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून येत.

“नुसतं तोंडी सांगत नाही,” तो म्हणाला. “म्हणून तर हिला घेऊन आलोय.”

भिंतीलगतच्या बाकावर मिताली बसली होती. अकरा वर्षांची. पाय जुळवलेले, हात गुडघ्यांवर. आल्यापासून ती हलली नव्हती. पायरीवर तिची आई होती, दर्शना धुरी. तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

“गेल्या वर्षी बघायला हवं होतंत,” तेजस म्हणाला. “ताट भिरकावून द्यायची. नखं कापायला घेतली की चावायची. चार माणसांना आवरायची नाही. आणि आता... मिताली, उभी राहा.”

मिताली उभी राहिली.

“नाकाला हात लाव. बाईंना नमस्कार कर. बस.”

तिने नाकाला हात लावला, वाकून नमस्कार केला, जागेवर जाऊन बसली आणि उजवा तळहात पुढे केला. तेजसने कमरेच्या पिशवीतून एक मनुका काढून त्यावर ठेवला.

“शाबास.”

मितालीने मनुका खाल्ला. हात परत गुडघ्यावर.

बाई बघत होत्या.

“रडायची?”

“तासन्‌तास. मग आम्ही लक्ष देणं बंद केलं. घरी आईलाही सांगितलं, ती रडायला लागली की पाठ फिरवायची. काही झालं तरी वळायचं नाही.”

बाईंनी दर्शनाकडे पाहिलं. “फिरवलीस?”

“हो...” दर्शना म्हणाली. “सरांनी सांगितलं होतं ना. पहिल्या दिवशी उलटी होईपर्यंत रडली.”

“मग?”

“मग हळूहळू थांबली.”

“विलोपन,” तेजस म्हणाला. “प्रतिसाद मिळाला नाही की वर्तन विझत जातं. तुमच्याच तासाला शिकलो.”

“रडून काय मागायची?”

तेजसने कमरेची पिशवी सारखी केली. “लक्ष. दुसरं काय मागणार?”

दर्शनाने तोंड उघडलं. मग मिटलं.

बाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

“तुझं ऐकते हे दिसलं. आणखी कोणाचं ऐकते?”

“कोणाचंही!” तेजस पुढे सरसावला. “खरं यश तर ते आहे बाई. सुरुवातीला फक्त माझं ऐकायची. मग आम्ही माणसं बदलली, खोल्या बदलल्या, आवाज बदलले. आता कोणीही सांगू दे, ती करते. पुढच्या आठवड्यापासून गावाहून केंद्राच्या व्हॅनमधून एकटी येणार. दर्शनाताईंना तिच्याबरोबर कोल्हापुरात खोली घेऊन राहावं लागत होतं, ते संपलं. आठवडाभर मिताली आमच्या वसतिगृहात राहील.”

“ड्रायव्हर ओळखीचा आहे?”

“नवीन आहे. पण प्रश्नच येत नाही. त्याने बस म्हटलं की बसेल, उतर म्हटलं की उतरेल. पहिल्या हाकेला.”

“पहिल्या हाकेला...” बाई म्हणाल्या.

परसात कोणीतरी नारळ सोलत होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता.

“आत जा,” मग त्या म्हणाल्या. “चुलीजवळ पातेल्यात काढा आहे. पातेलं आण आणि एक पेला आण.”

तेजस दोन्ही घेऊन आला. पातेल्यावरचं झाकण काढताच त्याला वास आला.

“किराईत?”

“माझंच आहे. रोज घेते. त्याने कोणी मरत नाही.”

किराईत कोकणातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. एक घोट घेतला की जेवणाची वेळ होईपर्यंत जीभ कडू राहते. ते पाजायचं तर एकाने नाक दाबावं लागतं आणि दुसऱ्याने हात धरावे लागतात. एवढं करूनही निम्मं अंगावर सांडतं.

“तिला दे,” बाई म्हणाल्या.

तेजसच्या लक्षात आलं. बाई परीक्षा घेत होत्या. त्याला बरंच वाटलं.

त्याने अर्धा पेला भरला. “मिताली, पी.”

मिताली प्यायली. एका दमात, न थांबता. तिचे खांदे वर गेले, डोळ्यांत पाणी भरलं, गळ्याची शीर ताठ झाली. पण पेला हातातून सुटला नाही. रिकामा करून तिने तो परत दिला आणि तळहात पुढे केला.

तेजसने मनुका ठेवला. “बघितलंत?”

“बघितलं. अजून दे.”

“अजून?”

“अजून.”

तेजसने एकदा दर्शनाकडे पाहिलं. दर्शना खाली बघत होती. त्याने पेला भरला.

“मिताली, पी.”

या वेळी पहिल्या घोटाला तिला उबळ आली. ती थांबली. डोळे मिटले. मग पुन्हा पेला तोंडाला लावला. काढ्याचा एक ओघळ हनुवटीवरून गळ्याकडे गेला. तिने तो पुसला नाही. पूस असं कोणी म्हटलं नव्हतं.

पेला रिकामा झाला. तळहात पुढे आला.

“अजून,” बाई म्हणाल्या.

“बाई...”

“अजून दे, तेजस.”

बाईंचा आवाज चढला नव्हता. वर्गात फळ्याकडे तोंड करून ‘पुढे वाच’ म्हणायच्या, तसाच होता.

तेजसने पातेलं उचललं. त्याचा हात जरा हलला, थोडा काढा जमिनीवर सांडला. पण पेला भरला.

“मिताली...” तो म्हणाला. “पी.”

मितालीने पेला घेतला. तिचे ओठ लटपटत होते. तिने पेला वर नेला...

“बस झाला आता!”

दर्शना उठून मध्ये आली होती. तिने मुलीच्या हातातला पेला हिसकावला. तिची पर्स पायरीवरून खाली पडली, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

“काय करतास माझ्या चेडवाक? माणसं हास की कोण?”

तेजसने पातेलं खाली ठेवलं.

दर्शना मुलीची हनुवटी पदराने पुसत राहिली. ती पुसून कोरडी झाली तरी पुसत राहिली.

“गेल्या महिन्यात हिच्या बुटात खिळा वर आला होता,” ती म्हणाली. कोणाकडेही न बघता. “सकाळी सरांच्या केंद्रात बूट घालून बसवलेली. दिवसभर बसली. संध्याकाळी बूट काढला तर मोजा रक्ताने पायाला चिकटलेला. दिवसभर हूं की चूं नाही. पूर्वी केस विंचरताना एक केस ओढला गेला तरी घर डोक्यावर घ्यायची.”

“तो अपघात होता,” तेजस म्हणाला. “मी लगेच इंजेक्शन...”

“दुखतंय म्हणायची हो ती!” दर्शना बाईंकडे वळली. “तुम्ही विचारलंत ना, रडून काय मागायची? दुखतंय म्हणायची. भूक लागली म्हणायची. हा माणूस नको म्हणायची. मला कळायचं सगळं. सरांना कळत नव्हतं, पण मला कळायचं. आणि मी पाठ फिरवून उभी राहिले...”

ती पुन्हा मुलीची हनुवटी पुसू लागली.

तेजस बाकासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. पण तो हार मानणारा माणूस नव्हता, म्हणून तर एवढ्या मुलांपर्यंत पोचला होता.

“हे शिकवता येईल,” तो म्हणाला. “दर्शनाताई, ऐका. नकार हेही एक वर्तनच आहे. बाकीचं शिकवलं तसंच हेही शिकवता येईल. आत्ता दाखवतो. द्या तो पेला.”

दर्शनाने दिला नाही. त्यानेच तो तिच्या हातातून सोडवून घेतला. हिसकावण्यात बराचसा सांडून तळाशी थोडा काढा उरला होता.

“मिताली, इकडे बघ. ‘नको’ म्हण.”

मिताली त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“म्हण. न... को.”

“न... को,” मिताली म्हणाली.

आवाज खरखरीत होता. खूप दिवस बंद असलेलं कुलूप उघडावं तसा. दर्शनाने दचकून तिच्याकडे पाहिलं.

“शाबास!” तेजसने मनुका दिला. “पुन्हा. नको.”

“नको.”

“शाबास! आता बघा हं.” त्याने बाईंकडे पाहिलं. त्याचे डोळे चमकत होते. “आता मी पेला पुढे करतो. मिताली, हे घे... काय म्हणायचं?”

मितालीने पेल्याकडे पाहिलं. काढ्याचा वास तिच्यापर्यंत पोचला असावा, तिच्या नाकपुड्या हलल्या.

“नको,” ती म्हणाली.

आणि पेला घेऊन प्यायली.

सगळा प्यायली. मग रिकामा पेला बाकावर नीट ठेवला, आणि तळहात पुढे केला.

तेजस त्या तळहाताकडे बघत राहिला. पिशवीत मनुके होते. त्याचा हात पिशवीकडे गेला नाही.

मितालीचा हात तसाच पुढे होता...

शेवटी दर्शनाने तो आपल्या हातात घेतला. पर्स उचलली. मुलीला उभं केलं.

“सर, रविवारी उद्घाटनाला आम्ही येणार नाही,” ती म्हणाली. “वसतिगृहातही पाठवायची नाही.”

“ताई, असं रागाच्या भरात ठरवू नका. निदान गाडीत बसा. मी घरापर्यंत सोडतो.”

“नको.”

तो शब्द ऐकून मितालीने मान वळवून आईकडे पाहिलं. तिच्या तोंडाकडे. बराच वेळ.

दोघी अंगणातून रस्त्याला लागल्या. ऊन चढलं होतं. एस्टीचा थांबा तिथून जवळ नव्हता. मिताली आईच्या पावलावर पाऊल ठेवत चालत होती. वळणावर दर्शना खाली बसली आणि मुलीच्या पायातली चप्पल काढून आतून हात फिरवून पाहिली. मग परत घातली. मग त्या दिसेनाशा झाल्या.

पडवीत दोघंच उरली.

बाईंनी वाकून जमिनीवर सांडलेला काढा फडक्याने पुसला. वाकताना त्यांना त्रास होत होता. तेजस मदतीला उठला नाही.

“तुम्ही मुद्दाम केलंत,” तो म्हणाला.

बाई पुसत राहिल्या.

“मला शिकवायचं होतं तर मला सांगायचंत! शब्दांत सांगायचंत. मी ऐकलं असतं. त्या पोरीचा काय दोष? तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं तुम्हाला दिसत होतं. दिसत होतं की नाही?”

“दिसत होतं.”

“आणि तरी?”

“आणि तरी.”

“मग ही कसली गुरुविद्या? तिचं जे नुकसान झालं ते माझ्या हातून नकळत झालं. तुमच्या हातून समजून-उमजून झालं. वाईट कोण, तुम्ही सांगा.”

“मी,” बाई म्हणाल्या.

एवढ्या सरळ उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती. मग त्याचा राग आणखी उसळून आला.

“माझ्या मनात नव्हतं. दुसऱ्या पेल्यालाच नव्हतं. हात थरथरत होता माझा, पाहिलंत ना तुम्ही. मला कळत होतं की हे चुकीचं चाललंय. तुम्ही सांगितलंत म्हणून मी तिला दिलं बाई. केवळ तुम्ही सांगितलंत म्हणून...”

बाईंनी फडकं पिळलं. त्याची घडी केली, कठड्यावर ठेवली. मग पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“हो रे,” त्या म्हणाल्या. “तू माझा फार गुणी विद्यार्थी होतास.”