फळ्यावरचे चौकोन

“मग इतकी वर्षं तुम्ही आम्हाला शिकवलंत तरी काय, मॅडम?”

मुजावर मॅडमनी हातातला पेपर बाजूला ठेवला आणि वर पाहिलं. प्रश्न उद्धट होता. सारंग उपळेकरने तो तसाच ठरवून आणला होता.

सारंग त्यांचाच विद्यार्थी. इचलकरंजीच्या याच कॉलेजातून बाहेर पडला आणि पुण्याच्या एका कंपनीत मुख्य आर्किटेक्ट झाला. सॉफ्टवेअर कसं उभं करायचं, ते तिथे तो ठरवायचा. आता तो विद्यापीठाच्या अभ्यासक्रम समितीवर होता. मॅडमचा ‘प्रणाली विश्लेषण’ हा विषय वगळायचा आणि त्या जागी मायक्रोसर्व्हिसेस, क्लाउड, अजाइल ही सॉफ्टवेअर बांधायची नवी तंत्रं आणायची, असं समितीचं जवळजवळ ठरलं होतं. मॅडमही समितीवर होत्या. एवढा त्यांचाच नकार उरला होता, आणि तो मोडून काढायला सारंग आला होता.

मॅडमच्या विषयात दिवाळीपर्यंत मुलं कॉम्प्युटरला हात लावत नसत. दवाखान्यात, गोदामात, एसटीच्या चौकशी खिडकीपाशी जाऊन बसायचं. माणसं काय करतात, कुठे अडतात, ते नुसतं पाहायचं.

सारंगने एकेक काढलं. तुम्ही शिकवलेली भाषा आता कुणी वापरत नाही. ती पद्धत मोडीत निघाली. त्या आकृत्या तर माझ्या ऑफिसात कुणी ओळखणारसुद्धा नाही.

“खरंय,” मॅडम म्हणाल्या. “सगळं मेलं.”

तो भांडायच्या तयारीने आला होता. होकाराने अडखळला.

मग आतलं होतं ते बाहेर आलं. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत समोरची माणसं त्याला हसली होती. ती जे विचारत होती, त्याची नावंही त्याने ऐकलेली नव्हती. ते हसू तो विसरला नव्हता. या गावातल्या पोरांवर ती पाळी पुन्हा येऊ नये, एवढ्यासाठीच तो समितीवर गेला होता.

“हसले. मग?”

“मग शिकलो. महिन्याभरात.”

“कुणाकडून?”

“कुणाकडून म्हणजे? माझं मीच.”

मॅडमनी मान डोलावली आणि पेपर पुन्हा पुढ्यात ओढला.

ते मान डोलावणं त्याला टोचलं. तुम्ही नाही म्हणालात तरी विषय जाणारच आहे, असं त्याने सरळ सांगून टाकलं.

“जाऊ दे. तास होईल. वर्ग दिला नाहीत, तर जिन्यात घेईन.”

एवढं बोलून त्या उठल्या. आता त्यांचा तासच होता. तुझं जे नवं आहे ते माझ्या मुलांना शिकव, म्हणाल्या, आणि हातचं राखू नकोस.

वर्गात सारंगने काही राखलं नाही. एकच मोठं सॉफ्टवेअर न बांधता छोटे सुटे भाग जोडत जायचे, ही मायक्रोसर्व्हिसेसची रीत त्याने मांडली. तान्ह्या बाळांच्या लसीकरणाची यंत्रणा त्याने उदाहरणाला घेतली. नोंदणीचा एक चौकोन, तारखांचा दुसरा, आईच्या मोबाइलवर निरोप धाडणारा तिसरा, लशींच्या साठ्याचा आणखी एक. चौकोनाला चौकोन बाणांनी जोडत त्याने फळा भरून टाकला. मुलं भारावून फोटो काढत होती. मॅडम शेवटच्या बाकावर बसून ऐकत होत्या.

त्याचं संपलं तशा त्या पुढे आल्या. डस्टर घेतला आणि एक चौकोन पुसला.

“आता काय अडलं?”

सारंगला बरंच वाटलं. हाच तर या रचनेचा गुण. एक भाग बंद पडला तरी बाकीचे चालू राहतात, हे त्याने मुलांना नीट समजावून सांगितलं.

मॅडमनी दुसरा पुसला. त्यालाही उत्तर होतं. निरोप रांगेत थांबतील, मागाहून जातील.

त्या पुसत गेल्या, तो सांगत गेला. त्याची उत्तरं तोकडी होत गेली. फळा कोरा झाला.

“यात बाळ कुठे होतं?”



“डेटाबेसमध्ये,” सारंग म्हणाला. कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

“आणि त्याची आई?”

सारंगचे कान तापले. पण माघार घेणाऱ्यांतला तो नव्हता.

“तुम्ही पुसलंत म्हणून हे जाणार नाही, मॅडम. उद्या सगळीकडे हेच असणार आहे.”

“उद्या असेल. परवा?”

 गेल्याच महिन्यात सारंगच्या कंपनीने असे कितीतरी सुटे चौकोन मोडून पुन्हा एकाच सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करायला घेतले होते. काम त्याच्याच हाताखाली चाललं होतं. समितीत त्याने याचा उच्चारही केला नव्हता.

खिडकीबाहेर यंत्रमागांची खडखड चालू होती. मुलं एकदा त्याच्याकडे पाहत, एकदा मॅडमकडे. 

मग त्याने नवा खडू उचलला आणि फळ्यावर टेकवला. मान अजून ताठच होती.

“ठीक आहे. आई आणि बाळ. सांगा, कुठून सुरुवात करू?”

मॅडम दारापर्यंत गेल्या. दार उघडून, दवाखान्याच्या रस्त्याकडे हात करून उभ्या राहिल्या.

“आधी खडू खाली ठेव.”