वारूळ कुणाचं?

मला सगळ्या प्राण्यांची भाषा समजते. घरची म्हैस मात्र माझं एक ऐकत नाही, ते सोडा. तर फार मागे माळावर वाळवीनं थुंकीत माती कालवून वारूळ उभारलं आणि एक नाग आयताच आत शिरला. त्याच्या वेटोळ्याखाली पिल्लं चिरडू लागली, तशी म्हातारी वाळवी म्हणाली, "नागोबा, आता निघा. आमचं घर आम्ही चालवू."

नाग फणा काढून हसला. "तुम्ही पडलात आंधळ्या. तुमची अजून तयारी नाही. मी गेलो तर तुमचं कसं व्हायचं?"

"तुम्ही नव्हता, तेव्हा हे बांधलं कुणी?"

"बांधलं असेल! पण अख्खं गाव याला नागोबाचं वारूळ म्हणतं. जा, विचारून ये."

"गाव तर तुम्ही दूध पिता असंही म्हणतं, नागोबा."