दिसू नये अशी तयारी

हौसा कुंभारीण दरबारात उभी राहिली ती तक्रार घेऊन. शिपायांनी तिच्या घरातला दोर सोडून नेला होता, आढ्याला टांगलेली धान्याची गाडगी खाली उतरवली होती आणि वर दम भरला होता की, पूर येणार असं जो मानतो तो महाराजांच्या बांधाचा अपमान करतो.

बांध अगदी नवा होता. महाराज रणधीररावांनी शिवणी नदीच्या काठाने तो घातला होता आणि त्यावर आपल्या नावाची संगमरवरी पाटी लावली होती. त्याआधीच्या श्रावणात नदीने कुंभारआळीतली दोन घरं नेली होती. हौसाने तेव्हा आजारी आईला छपरावर कवटाळून अख्खा दिवस काढला होता. तिचा बांधावर राग नव्हता. पण नदीला पाटी वाचता येते, यावर तिचा विश्वास बसत नव्हता.

महाराजांची अडचण वेगळीच होती. आठ दिवसांनी शेजारचे राजे पाहुणे म्हणून येणार होते. त्यांच्या मुलाशी राजकन्येची सोयरीक ठरत होती आणि त्यांना हा बांध मुद्दाम पाहायचा होता. आळीत घरोघरी पुराची तयारी दिसली तर पाहुणे काय म्हणतील?

"तयारी करायला मी नाही म्हणत नाही," महाराज म्हणाले. "साऱ्या आळीची कर. पण पाहुण्यांना त्यातलं काही दिसलं, तर आळी राज्याबाहेर जाईल. आणि पूर येऊन एक माणूस जरी दगावलं, तरीही आळी राज्याबाहेर जाईल."

दिवाणजींनी समाधानाने मान डोलावली. दोन्ही बाजूंनी अडकवणारा हुकूम त्यांना फार आवडे.

हौसा घरी आली. आळीतल्या माणसांनी तिला बोल लावायला सुरुवात केली. गप्प बसली असतीस तर निदान घरं तरी राहिली असती, असं चुलत्यांनी सुनावलं. हौसा ओट्यावर बसून राहिली. समोर पोरी नागपंचमीच्या झोक्यासाठी दोर मागत हिंडत होत्या. त्यांच्याकडे बघता बघता ती उठली.

दुसऱ्या दिवसापासून आळीत सणाची धांदल उडाली. नदीकडच्या कडुनिंबापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत एकेका झाडाला झोका लागला, आणि दोर चांगला जाडजूड होता. चणे, चुरमुरे, गूळ भरलेली मडकी राळेने तोंड बंद करून, हळदीकुंकू लावून आढ्याला टांगली गेली. कुणी विचारलं तर नवस आहे म्हणून सांगायचं. बाजांखाली चार-चार रिकामी बंद मडकी बांधली आणि वर गोधड्या पसरल्या. टेकडीवरच्या देवळात सप्ताह बसला. रोज दुपारी ढोल वाजला की म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, गुरं हाकत सगळ्यांनी वर पोचायचं. उशिरा येणाऱ्याला प्रसाद नाही! पहिल्या दिवशी अर्धी आळी उपाशी परतली. चौथ्या दिवशी हौसाची आईसुद्धा वेळेत पोचली.

दिवाणजींनी स्वतः घर अन् घर पाहिलं. पुराची तयारी कुठेच नव्हती. त्यांनी खूश होऊन एका झोक्यावर दोन झोकेही घेतले.

पाहुणे आले. डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळत होता, पण त्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलं होतं. बांधावर मंडप घातला होता. प्रजा किती आनंदी आहे, असं पाहुणे राजे म्हणाले. महाराज बांधाच्या उंचीबद्दल सांगू लागले, तेवढ्यात गढूळ पाणी बांधाच्या सखल भागावरून आळीत उतरलं. महाराजांच्या नावाची पाटी तिथेच होती. ती सर्वांत आधी बुडाली.

देवळात ढोल वाजला. प्रसादाची वेळ नव्हती, तरी आळी टांगलेली मडकी आणि बाजा उचलून नेहमीच्या पायांनी चालत वर गेली. वरून हौसाने मोजलं. आळीतलं माणूस एकही कमी नव्हतं. चारही बाजूंनी पाण्यात सापडलेला मंडप मात्र तिथून स्पष्ट दिसत होता.

क्षणभर तिला वाटलं, राहू द्यावं थोडा वेळ. मग तिने झोके सोडायला सांगितले. गड्यांनी दोराला दोर जोडून तो झाडाझाडाला बांधत मंडपापर्यंत नेला, आणि त्याला धरून हौसाने बाज पाण्यात ढकलली. मडकी तरंगली. पहिल्या खेपेला दोन्ही राजे गोधडीवर बसून टेकडीला लागले. दिवाणजींना दुसऱ्या खेपेची वाट बघवेना. ते बाजेचा खूर धरून निम्मे पाण्यातून आले.

वर पोचताच त्यांनी धोतर पिळलं आणि महाराजांना हुकुमाची आठवण करून दिली. पाहुण्यांनी दोर पाहिला होता, बाज पाहिली होती, आता तर टांगलेल्या मडक्यांतले चणेही खात होते. तेव्हा आळीला आजच बाहेर काढावं. पाहुणे राजे चकित होऊन कसला हुकूम म्हणून विचारू लागले. हौसाने तो शब्दन् शब्द सांगितला. मग ती दिवाणजींकडे वळली.

"दिवाणजी," ती म्हणाली, "पाहुण्यांना आमची तयारी दिसली, हे खरं. पण त्याआधी त्यांना पूर दिसला. तयारी लपवायचं काम माझ्याकडे होतं, ते मी आठ दिवस केलं. पूर लपवायचं काम तुमच्याकडे होतं!"

आधी पाहुणे राजे हसले. मग महाराजांनाही हसू आवरेना. दिवाणजींकडे बघत, ओल्या अंगरख्याने डोळे पुसत ते हसत राहिले. देवळाभोवतालची सारी उंचावरची जमीन त्यांनी तिथल्या तिथे कुंभारआळीला घरांसाठी आणि भट्ट्यांसाठी देऊन टाकली. पाहुण्यांनी सोयरीक पक्की केली आणि जाताना हौसाकडून मडकी बांधलेल्या चार बाजा मागून नेल्या.