विराजचा आठवा दिवस

"विराजला मारून टाकू का, बाबा?"

दौलतबाबा बहुरूपी तेव्हा यमाच्या सोंगात होते. तोंडाला निळा रंग, उजवी मिशी चिकटवलेली, डावी अजून हातात.

"थांब जरा," ते आरशातूनच म्हणाले. "अर्ध्या मिशीवर कुणाला नेता येत नाही."

शर्वरी हसली नाही. एरवी हसली असती. अकरावीतली पोर, दोन वर्षं बाबांकडे सोंगाचं रंगकाम शिकत होती आणि बाबांची कीर्ती तिला तोंडपाठ होती. फौजदार होऊन ते बाजारातून निघाले, तर खऱ्या फौजदाराने सलाम ठोकून दोन दिवसांची रजा मागितली. बाबांनी एकाच दिवसाची मंजूर केली, हे अख्खा तालुका शपथेवर सांगतो.

"कोण हा विराज?"

"मीच."

बाबांनी मिशी खाली ठेवली.

तिने फोन पुढे केला. इन्स्टावर विराज नावाचं खातं, कुठल्याशा मॉडेलचा गॉगलवाला फोटो. वर्गातल्या कस्तुरीची गंमत करायला तिने ते उघडलं होतं. कस्तुरी बोलताना अडखळते, म्हणून वर्गात तोंडच उघडत नाही. विराजला मात्र रोज पानंच्या पानं लिहायची.

"चार महिने झाले. एकदासुद्धा पकडली गेले नाही. तुमचं सोंग तासाभरात ओळखतात लोक."

आवाजातला तोरा तिला लपवता आला नाही. लपवायचा प्रयत्नही तिने फारसा केला नाही.

"मग मारायचं कशाला?"

"रविवारी ती भेटायला येतेय. एसटी स्टँडवर. तिने माझ्यासाठी... म्हणजे त्याच्यासाठी, चार वाक्यं घोकून ठेवलीत. न अडखळता बोलून दाखवणार म्हणे."

...

"विराजच्या भावाच्या नावाने मेसेज टाकते," शर्वरीच पुढे म्हणाली. " मोटारसायकल घसरली, गेला. आठवडाभर रडेल. मग विसरेल."

"सोंग छान वठलंय," बाबा म्हणाले. "आठवा दिवस कधी करणार?"

आठवा दिवस शर्वरीला ठाऊक होता. बाबा गावात सात दिवस सात सोंगं घेऊन फिरतात. आठव्या दिवशी धुतल्या तोंडाने, घरच्या कपड्यांत, त्याच दारांशी जातात. पोलीस मी होतो, वैदू मी होतो, असं सांगतात. झोळी पसरायची ती त्या दिवशी, आधी नाही.

"ते गावात, बाबा. हे फोनवर आहे."

बाबा आरशापासून तिच्याकडे वळले.

"मी एकदा चुकवला होता. डोंगरापलीकडच्या वाडीत. साहेब होऊन एका म्हातारीला म्हटलं, आजी, तुमच्या दारात नळ येणार. सगळे हसले. तीही हसली. आठव्या दिवशी मला ताप भरला, तसाच परस्पर घरी आलो."

"मग?"

"पुढच्या वर्षी गेलो, धुतल्या तोंडाने. तिने चहा दिला, ॲल्युमिनियमच्या पेल्यात. फळीवर नवी कोरी कपबशी होती. म्हटलं, ही कुणाची? तर म्हणे, साहेबांची. नळ घेऊन येतील ना..."

"तुम्ही सांगितलं नाही तिला?"

निळा रंग बाबांच्या गालावर सुकून तडकत होता.

मग त्यांनी खोबरेल तेलाची बाटली घेतली, फडकं त्यात भिजवलं आणि तिच्या हातात दिलं.

"मी कुठे रंग लावलाय?" शर्वरी म्हणाली.

...

फडक्यातलं तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने ते पुसलं नाही.

"वर्गात सगळ्यांना सांगेल ती. माझे मेसेज सगळीकडे टाकेल."

"टाकेल."

"घरी आई-वडिलांपर्यंत जाईल."

"जाईल."

"बाबा, ती स्टँडवर सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर थुंकली तर?"

बाबांनी उजवी मिशी उपटली आणि डावीशेजारी ठेवली.

"तुझ्याच धुतल्या तोंडावर ना..." ते म्हणाले. "मग जा."