सात पिढ्यांचं आरोग्य

थोरल्या मुलासाठी केतकीला बघायला दौलतराव घोरबांडे सहकुटुंब आले होते. पोहे झाल्यावर मिशीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणाला वेडबिड नाही ना? आधीच विचारलेलं बरं."

केतकीच्या वडिलांची मान खाली गेली. त्यांची बहीण शकू, पाहुण्यांसमोर नको म्हणून, आपणहून आत बसली होती. केतकी उठली आणि तिला हाताला धरून बाहेर घेऊन आली.

"ही माझी आत्या. हिचं मन आजारी पडलं होतं. औषधं घेते, शाळेत शिकवते."

"आमच्याकडे सात पिढ्यांत असलं काही झालेलं नाही!" दौलतराव गरजले.

"मग मला तुमच्याकडे यायची भीती वाटते," केतकी शांतपणे म्हणाली. "आत्याचं दुखणं आम्हाला दिसलं, म्हणून औषध झालं. तुमच्याकडे सात पिढ्यांत कुणाचं दुखणं कुणाला दिसलंच नाही. उद्या मी आजारी पडले, तर माझ्याकडे बघणार कोण?"

दौलतरावांची बायको उठली आणि शकूआत्याच्या शेजारी जाऊन बसली.

"ताई, तुमचे डॉक्टर कोण हो?" तिने नवऱ्याकडे न बघता विचारलं. "आमचा धाकटा मुलगा हल्ली कुणाशी बोलतच नाही."