भिवरा सुईण आणि जोगड्यावरचे टाके

त्या वर्षी अंबुनाथ महाराजांचा मुक्काम उंबरठाण गावी होता. जोगडा डोंगराच्या पायथ्याशी हे लहानसे गाव. गावाबाहेरच्या धर्मशाळेच्या ओट्यावर महाराज बसून असत. बोलणे थोडे. कुणी भाकरी आणली तर अर्धी खात, अर्धी मुंग्यांना कुस्करून घालत.

गावातली तीन मुले रोज त्यांच्याजवळ येऊन बसत. ईश्वराने या मुलांना काही वेगळेच देणे दिले होते. कुंभाराची रंगू जमिनीला कान लावी आणि खोल वाहणारे पाणी ऐकत असे. धनगराच्या बिरूने हाक दिली की रानातली हरणे येऊन त्याचा हात चाटत. आणि मानाजीराव इनामदारांची चिमा वाळल्या फांदीला बोट लावी, तर तिला पालवी फुटे! महाराज कौतुकाने पाहत आणि म्हणत, "बाळांनो, हे तुमचं नाही हं. त्याचं आहे. जपून वापरा."

एका पहाटे डोंगरावरून धुके उतरले. घराघरांतून फिरले आणि आले तसे वर निघून गेले. पाहतात तो तिन्ही मुलांची अंथरुणे रिकामी! गावाला कळून चुकले. माथ्यावर झांबर नावाचा मांत्रिक राहत असे. दुसऱ्याचे तेज ओढून घेऊन तो जगतो, असे गुराखी सांगत.

इनामदार वीस गडी घेऊन निघाले. हातात भाले, तलवारी. दोन दिवस ते धुक्यातून वर वर चढत राहिले आणि बाहेर पडले ते आपल्याच गावच्या वेशीत!

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवरा सुईण महाराजांपुढे येऊन उभी राहिली. साठीची बाई, एका डोळ्याने अधू. ही तिन्ही मुले तिच्याच हातांवर जन्मली होती.

"महाराज, म्या जाऊ का वर?" तिने हळूच विचारले.

इनामदार तिथेच बसले होते. दुःखाने माणूस कडवट होतो. ते हसून म्हणाले, "वीस गडी हरले, आता ही म्हातारी जाणार! भिवरे, तू नाळ कापावीस. मांत्रिकाशी झुंजणं सुईणीचं काम नव्हे. आणि महाराज, तुम्ही तरी काय करताय? नुसते बसून आहात!"

महाराज रागावले नाहीत. त्यांनी भिवरेचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. मग म्हणाले, "माय, वाट कुणाला विचारू नकोस. हात ऊन राहतील तिकडे चाल."

भिवरा निघाली. धुक्यात शिरताच गाव दिसेनासे झाले. पावलांचा आवाजही उमटेना. झाडे मुळांवाचून अधांतरी उभी असल्यासारखी भासत. एक पांढरे पाखरू तिच्याबरोबर संथ उडत होते, पण त्याचे पंख हलत नव्हते. पाऊल चुकले की तिचे तळहात गार पडत; वळली की पुन्हा ऊब येई. अशी किती चालली, तिचे तिलाच कळले नाही.

माथ्यावर दगडात कोरलेले एक टाके होते. पाणी आरशासारखे स्तब्ध. आणि पाण्याच्या तळाशी तिन्ही मुले निजलेली! त्यांचे केस मंद हलत होते, छाती वरखाली होत होती.

"रंगू! बिरू! चिमाताई!" भिवरेने हाका मारल्या. कुणी हलले नाही.

काठावर झांबर बसला होता. तो म्हणाला, "त्यांची नावं मी काढून घेतलीत, म्हातारे. आता हाक कशानं मारशील?"

भिवरेने पदर खोचला. "नाव बाराव्या दिवशी ठेवत्यात, बाबा. त्याच्या आधीपास्नं म्या वळखते त्यांना."

ती टाक्यात उतरली. गळ्याइतक्या पाण्यात बुडी मारून तिने पहिल्यांदा रंगूला वर काढले, पालथे घेतले आणि जन्मल्या दिवशी मारली होती तशीच पाठीवर थाप मारली. रंगूने टाहो फोडला! मग बिरूला काढले. तोही रडला. प्रत्येक रडण्यासरशी धुके विरत गेले आणि झांबर आक्रसत गेला.

चिमा मात्र सर्वांत खोल होती. झांबराने अखेरचा मंत्र टाकला. पाणी बर्फासारखे झाले, भिवरेचे हात लाकडासारखे बधिर झाले. पोरीचा दंड बोटांतून निसटला.

"महाराज! माझे हात गेले!" ती कळवळून ओरडली.

तोच तिच्या हातांखाली आणखी दोन हात आले. सावळे, हाडकुळे, ओळखीचे! त्यांनी चिमाला अलगद वर उचलले आणि भिवरेच्या कुशीत ठेवले. चिमा रडली. धुके फाटले, लख्ख ऊन पडले. झांबर बसला होता तिथे नुसती राख उरली होती.

इकडे धर्मशाळेत दुपार झाली होती. महाराज डोळे मिटून बसले होते. समोर इनामदार. एकाएकी त्यांना दिसले, महाराजांच्या दोन्ही हातांवरून कोपरापासून पाणी निथळत आहे! बोटांना हिरवे शेवाळ चिकटले आहे! कोरड्या ओट्यावर ओघळ वाहू लागले.

महाराजांनी डोळे उघडले. "मानाजीराव, जरा पंचा द्या हो. पाणी फार गार होतं."

इनामदार चटकन उठले. त्यांनी पंचा पुढे केला. ऊन कलले तेव्हा वेशीकडून गलका उठला. भिवरा येत होती. कडेवर चिमा, दोन्ही बाजूंना रंगू आणि बिरू!

इनामदारांनी पागोटे उतरवून महाराजांच्या चरणी ठेवले. "महाराज, मी आंधळा! मला क्षमा करा."

"माझं काय बिघडवलंत तुम्ही?" महाराज म्हणाले. "ती बघा, तिकडे जा."

मानाजीराव इनामदार, ज्यांनी आजवर कुणापुढे मान लववली नव्हती, ते भर गावासमोर भिवरेच्या चिखलाने भरलेल्या पावलांवर कोसळले. भिवरा ओशाळून मागे सरली.

"सरकार, उठा हो! पोरीच्या पोटात तीन दिस काय न्हाई. आधी दूध आना."

आणि इनामदार उठले. गडी धावू लागले, त्यांना त्यांनी हाताने थांबवले, आणि अनवाणी, बोडक्या डोक्याने, तिन्ही मुलांसाठी दूध आणायला स्वतःच घराकडे निघाले.